बाटली बुडते, झाकण तरंगतं

शीतपेयाची बाटली आणि तिचं झाकण, दोन्ही प्लॅस्टिकच. पण दोन्हींचा चुरा पाण्यात टाकला की बाटलीचे तुकडे तळाशी बसतात आणि झाकणाचे वर तरंगतात. बाटलीच्या ‘पेट’ प्लॅस्टिकची घनता पाण्याहून जास्त असते, झाकणाच्या प्लॅस्टिकची कमी. पुनर्वापराच्या कारखान्यात हे दोन प्रकार याच गुणधर्मामुळे पाण्याच्या टाकीत वेगळे करता येतात. धुतलेल्या पेटपासून पुढे पॉलिएस्टरचा धागा बनतो.

त्या टाकीपर्यंत माल पोचवतात ती मात्र माणसं, आणि पुण्यात तर बहुतेक बायका. १९९३ साली इथे ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार केला. घरोघरचा कचरा उचलण्याचं शुल्क वेचकांना मिळतं, सुका माल विकून आलेले पैसेही त्यांचेच. पुढे भंगारवाला, घाऊक व्यापारी, चुरा करणारा अशी प्रत्येकाची कमाई त्याच मालावर होते. जो माल कचरा डेपोत जात नाही, त्याच्या वाहतुकीचा खर्चही वाचतो. मला हा विकासाचा अस्सल स्थानिक नमुना वाटतो.

यातला सर्वांत नाजूक टप्पा आपल्या स्वयंपाकघरात आहे. कोरड्या कागदाला भाव मिळतो. त्यावर आमटी सांडली की तंतू ओले होतात, तेल मुरतं, आणि वेचणारीच्या हातातला तो माल फुकट जातो.