जुने दप्तर, नवा संगणक
संगणक व त्यातील माहितीची तबकडी यांच्यामधील देवाणघेवाण नियंत्रक सांभाळतो. दोहोंची जोडणी आणि आज्ञांची भाषा जुळली, तरच माहिती वाचता येते. जुन्या आयडीई तबकडीस ४० पिनांची रुंद पट्टी लागे. २००३ मध्ये आलेल्या साटा पद्धतीत माहितीच्या जोडणीस सातच संपर्क पुरतात. एम.२ खाचेत बसणारी प्रत्येक एसएसडी चालतेच असे नाही. काही खाचा केवळ साटा, तर काही केवळ २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली एनव्हीएमई पद्धती स्वीकारतात. म्हणून खरेदीपूर्वी संगणकाची माहितीपुस्तिका पाहणे अगत्याचे ठरते. जुना संगणक निर्लेखित करण्यापूर्वी त्यातील दप्तराची प्रत नव्या साधनावर घेऊन ती उघडून पडताळावी. अन्यथा तबकडी शाबूत राहूनही दप्तर मुके होईल.