पुण्याचा स्पेक्ट्रम, काशीचा माळा

काशीत ब्रह्मघाटाजवळ माझ्या आत्याचं घर आहे. गेल्या दिवाळीत तिथला माळा उतरवताना पितळी तपेल्यांमागून, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखालून एक काळा कीबोर्ड निघाला. आतेभावाने तो भंगाराच्या ढिगावर ठेवलाही होता. मी उचलून पाहिला आणि म्हटलं, "दादा, हा नुसता कीबोर्ड नाही, अख्खा कॉम्प्युटर आहे. आणि आपल्या पुण्याचा आहे."

तो होता डीबी स्पेक्ट्रम प्लस. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो ब्रिटिश सिंक्लेअरच्या परवान्यावर बाजारात आणला होता. मूळ झेडएक्स स्पेक्ट्रम इंग्लंडात 23 एप्रिल 1982 रोजी आला. रचना रिचर्ड आल्टवासरची, बाहेरचं रूप रिक डिकिन्सनचं. झेड-80 प्रोसेसर, वेग 3.5 मेगाहर्ट्झ, मेमरी 48 किलोबाइट. घरचा टीव्ही हाच पडदा आणि घरचा टेपरेकॉर्डर हीच साठवण. 1984 मध्ये सरकारने 'क्लास' प्रकल्पातून शाळांना बीबीसी मायक्रो दिले, पण ते शाळेच्या कुलपात असायचे. स्पेक्ट्रम जेवणाच्या टेबलावर बसायचा. आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी पहिला प्रोग्रॅम त्याच्यावर लिहिला, म्हणून मला त्याची माया.

यंत्र पुण्याला आणलं आणि उघडलं. उघडण्यातच पहिली परीक्षा असते. झाकणाला कीबोर्डच्या दोन पातळ प्लास्टिक पट्ट्या जोडलेल्या असतात, आणि चाळीस वर्षांनी त्या पापडासारख्या होतात. घाईने ओढलं की तुटल्याच. माझ्या हातात एक तुटली. सुदैवाने या पट्ट्या आता नव्याने तयार होतात.

यंत्र चालू केलं तर टीव्हीवर उभ्या रेघा. या रेघांचं मला फार कौतुक आहे, कारण त्या खरं बोलतात. खालच्या 16 किलोबाइट मेमरीतच चित्राचे 6912 बाइट असतात. ती मेमरी 4116 जातीच्या आठ चिपांची, आणि प्रत्येक चिप बाइटमधला एकच बिट सांभाळते. एक चिप गेली की दर आठ ठिपक्यांमागे एक रेघ उमटते. आठांतली कितवी रेघ हे मोजलं की कितवी चिप गेली ते कळतं. दुखणं रोगी स्वतःच पडद्यावर लिहून देतो!

पण चिप बदलण्याआधी ती का गेली हे शोधायला हवं. 4116 ला तीन वीजदाब लागतात: अधिक 5, अधिक 12 आणि उणे 5. बाहेरून येतात 9 व्होल्ट. बोर्डावरचं एक वेटोळं आणि काही ट्रान्झिस्टर त्यातून अधिक 12 आणि उणे 5 घडवतात. त्यांतला टीआर-4 हा ट्रान्झिस्टर नेहमी मार खाणारा. उणे 5 नाहीसे झाले आणि बाकीचे दोन चालू राहिले, तर चिपा जळतात. म्हणून मल्टिमीटर आधी चिपेच्या पिन 1, 8 आणि 9 वर, सोल्डरिंग आयर्न नंतर. माझ्या यंत्रात उणे 5 नव्हतेच. ट्रान्झिस्टर बदलला, दोन चिपा काढल्या, त्यांच्या जागी सॉकेटं बसवली. सुकलेले कॅपॅसिटरही सगळे बदलले. ते पुण्याच्या तपकीर गल्लीत दहा मिनिटांत मिळाले.

मग सुधारणा. अधिक 5 व्होल्ट देणारा 7805 रेग्युलेटर जादा व्होल्ट उष्णतेत घालवतो आणि बोर्ड तापवत ठेवतो. त्याच्या जागी तेवढ्याच तीन पायांचा स्विचिंग मॉड्यूल बसतो. आरएफ मॉड्युलेटरच्या डबीत सिग्नल थेट जोडला की आजच्या टीव्हीवर स्वच्छ चित्र येतं. मागच्या जोडणीला एसडी कार्डाचं यंत्र लावलं की पाच मिनिटं कर्कश टेप ऐकायची गरज उरत नाही. तरी मी एकदा टेप लावलीच. कडेने धावणारे निळे-पिवळे पट्टे पाहायचे होते.

खरी काळजी यूएलएची. फेरँटीची ही खास चिप कधीच बंद झाली. ख्रिस स्मिथ यांनी तिचं सूक्ष्म चित्रण अभ्यासून 2010 मध्ये तिची अंतर्रचना पुस्तकात मांडली. आता हौशी लोक प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपांवर तिची प्रतिरूपं घडवतात. झेड-80 चं मूळ रूपातलं उत्पादनही झायलॉगने 2024 मध्ये थांबवलं.

शेवटचा डाग देऊन चालू केलं. पडदा पांढरा झाला. पी दाबताच 'प्रिंट' हा अख्खा शब्द उमटला. स्पेक्ट्रमची रीतच तशी, एका कळीला एक शब्द. मी फोन लावून दादाला दाखवलं. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "पुढच्या दिवाळीला घेऊन ये."

तुमच्या माळ्यावर असं काही निघालं तर भंगारात देऊ नका, आणि लगेच चालूही करू नका. स्पेक्ट्रमच्या अ‍ॅडॉप्टरच्या पिनेचं मधलं टोक ऋण असतं. बाजारातल्या बहुतेकांचं धन असतं. आधी मीटरने मोजून घ्या.