हिऱ्याच्या पोटातला ताण

सुरतेत हिरा पारखला जातो तो वजन, रंग, शुद्धता आणि पैलू या चार कसोट्यांवर. याच शहरात आता यंत्रांत हिरे वाढतात आणि त्यांनाही त्याच कसोट्या लागतात. दागिन्याला तेवढं पुरतं. पण यंत्रात वाढलेल्या हिऱ्याला आणखी एक काम जमतं, चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं. आणि तिथे स्फटिकात अडकलेला ताण तपासल्याशिवाय माल चालायचा नाही.

मिथेन आणि हायड्रोजनचा मायक्रोवेव्हने प्लाझ्मा करायचा, खाली हिऱ्याची पातळ चकती, म्हणजे सीड, आठशे ते हजार अंशांवर ठेवायची आणि तिच्यावर कार्बन चढू द्यायचा, ही रीत सुरतेला आता नवी नाही. सेन्सरसाठी बहुधा शुद्ध हिऱ्यावर काही मायक्रॉन जाडीचा, नायट्रोजन मिसळलेला थर चढवतात. त्या थरात कुठे कुठे कार्बनच्या जागी नायट्रोजन बसतो आणि त्याच्या लगतची जागा रिकामी राहते. अशा जोडीवर हिरवा लेसर टाकला की ती तांबडी उजळते आणि सोबत 2.87 गिगाहर्ट्झचे मायक्रोवेव्ह सोडले की तो उजेड किंचित मंदावतो. आलेखात तिथे खाच पडते. चुंबकीय क्षेत्र लावलं की एका खाचेच्या दोन होतात. त्यांच्यातल्या अंतरावरून क्षेत्र किती ते कळतं. मात्र स्फटिक ताणलेला असेल, तर क्षेत्र नसतानाही खाच दुभंगते. जोडीच्या अक्षावर एक मिलिटेस्ला क्षेत्र असेल तर प्रत्येक खाच 28 मेगाहर्ट्झ सरकते. म्हणजे ताणाने एक मेगाहर्ट्झची सरक दिली, तर ती सुमारे 36 मायक्रोटेस्लाच्या तोडीची झाली. पृथ्वीचं क्षेत्रच 25 ते 65 मायक्रोटेस्ला असतं. त्याहून वाईट म्हणजे, मोजायचं क्षेत्र ताणाच्या या तोडीच्या बरंच खाली गेलं की खाचा जवळजवळ हलतच नाहीत. हृदयाचं किंवा मेंदूचं क्षेत्र तर याच्या कितीतरी खाली.

हा ताण येतो कुठून? थोडा नायट्रोजनमुळेच, कारण त्याने स्फटिकाची जाळी किंचित फुगते आणि वरचा थर खालच्या हिऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. पण मोठा वाटा सीडच्या पृष्ठभागाचा असतो. ओतीव लोखंडाच्या चाकावर हिऱ्याच्याच भुकटीने घासलेली चकती आरशासारखी दिसते, तरी तिच्या कातडीखाली बारीक तडे उरतात. प्रत्येक तड्यापासून स्फटिकदोष निघतात आणि थर वाढेल तसे वर चढत जातात. एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलारायझरमध्ये ही चकती धरून पाहावी. निर्दोष हिरा तिथे काळा दिसतो. ताणलेल्या हिऱ्यात राखाडी, निळसर पट्टे आणि चार पाकळ्यांची नक्षी उमटते. भिंगाखाली निष्कलंक ठरलेला खडासुद्धा इथे उघडा पडतो.

यावर जाणकार म्हणतील की बाहेरून ठरावीक क्षेत्र लावून ताणाचा परिणाम दडपता येतो. अक्षाच्या दिशेने पुरेसं क्षेत्र दिलं तर खाच दुभंगवणारा ताण खरंच निष्प्रभ होतो. पण सेन्सर एका जोडीवर चालत नाही, असंख्य जोड्यांची बेरीज वाचतो. ताण जागोजाग वेगळा असला की 2.87 हा आकडाच जागोजाग वेगळा होतो, खाच रुंद आणि उथळ होते आणि संवेदनशीलता घटते. दोन्ही खाचा एकत्र वाचून हा दोषही बराचसा वजा करता येतो, पण त्या बदल्यात उपकरण गुंतागुंतीचं होतं. मुळात स्वच्छ चकती मिळाली तर ही यातायात कमी होते.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्याचा: दागिन्यांचं गिऱ्हाईक सोडून या भानगडीत कशाला पडायचं? पण यंत्रात वाढलेल्या हिऱ्याचे भाव गडगडले आहेत आणि नुसत्या वजनावर नफा टिकणं अवघड झालं आहे. उलट मागणी जवळच आहे. राष्ट्रीय क्वांटम मिशनला 2023मध्ये मंजुरी मिळाली, त्यातलं सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे आणि तिथे याच नायट्रोजनच्या जोड्यांवर चालणारा सूक्ष्मदर्शक तयार झाला आहे. मागणी दागिन्यांइतकी मोठी नाही, हे कबूल. पण तिथे भाव कॅरेटवर ठरत नाही.

म्हणून सुरतेच्या उत्पादकांनी दोन गोष्टी कराव्यात: थर चढवण्याआधी सीडची दुखावलेली कातडी प्लाझ्माने खरवडून काढावी आणि सेन्सरसाठी विकायच्या प्रत्येक चकतीसोबत तिचा ताणाचा नकाशा द्यावा.