नीरेकाठी इतक्या लढाया का झाल्या?

आधी एक गैरसमज दूर करतो. १७७९ ची इंग्रजांविरुद्धची वडगावची लढाई आपल्या नीरेकाठच्या वडगाव निंबाळकरची नव्हे, ती मावळातल्या वडगावची. पण आपला मुलूखही शांत नव्हता.

नकाशा उघडा. उत्तरेला निजामशाहीचं अहमदनगर, दक्षिणेला आदिलशाहीचं विजापूर, आणि मधोमध भीमा-नीरेचा दुआब. इथे डोंगराची आडकाठी फारशी नाही, आणि पावसाळा सरला की नद्या उताराने ओलांडता येत. म्हणून तर दसऱ्यानंतर मोहिमा निघत! शिवरायांचे आजोबा मालोजीराजे याच दुआबातल्या इंदापूरच्या रणात पडले. १६३६ च्या तहात मुघल आणि आदिलशहाने निजामशाही वाटून घेतली तेव्हा हा दुआब विजापूरकडे गेला. धनी बदलला, पण सरहद्द इथेच राहिली, फक्त आता समोर मुघल होते.

युरोपात बेल्जियमचं असंच झालं. बलाढ्य शेजाऱ्यांमधलं सपाट रान. १८१५ ची वॉटर्लूची लढाई तिथलीच.

मला वाटतं, लोकांच्या लढाऊ स्वभावापेक्षा जागेचा वाटा मोठा. राजधानीत तह व्हायचे, पण घोड्यांची वैरण मात्र सीमेवरच्या कुणब्याच्या शेतातून जायची. इंदापूरला गेलात तर मालोजीराजांची गढी नक्की बघा.