हेरखात्याचा प्रमुख कोण?

भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजायला येणारे लोक आयएनएस शिवाजीच्या बाजूने पुढे कुरवंड्यापर्यंत क्वचितच जातात. तिथून नागफणीशेजारची जुनी घाटवाट कोकणात उतरते. फेब्रुवारी १६६१ मध्ये मुघल सेनानी शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन याच घाटाने उतरला आणि खाली उंबरखिंडीत दोन्ही बाजूंच्या रानातून झालेल्या माऱ्यात कोंडला गेला. फौजेत सोबत असलेल्या सरदार रायबागनने शरण जाण्याचा सल्ला दिला आणि खंडणी भरून खान सुटला, अशी हकीकत परमानंदाच्या 'शिवभारता'त आहे. शिवाजी महाराजांना हा विजय हेर बहिर्जी नाईकांच्या एकट्याच्या करामतीने मिळाला, किंबहुना स्वराज्याचे हेरखाते म्हणजेच बहिर्जी, असे आपण सहज म्हणून जातो. मला हा समज अपुरा वाटतो. बहिर्जी मोठे होतेच, पण त्या खात्याचा खरा प्रमुख स्वतः राजा होता.

बहिर्जींविषयी समकालीनांनी लिहिलेले फार थोडे हाती येते. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बखर लिहिणारा सभासद त्यांना बहिरजी जाधव म्हणतो. हा जासूद सुरतेहून आला आणि तिथे अपार द्रव्य मिळेल, असे त्याने महाराजांना सांगितले, एवढेच तो नोंदवतो. मधे कोणी अधिकारी दिसत नाही, बातमी थेट राजाच्या कानी जाते. पुढे १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची रचना पक्की झाली, तेव्हा खासगीकडची नोंद व बातम्यांचे काम वाकनिसांकडे, म्हणजे मंत्र्यांकडे होते. परमुलखातल्या जासुदांवर मात्र वेगळा प्रधान नेमलेला आढळत नाही. माझ्या मते ही उणीव नव्हती. हे काम राजाने स्वतःच्या हाती राखले होते.

बातमी किती बारीक होती, हे जानेवारी १६६४ च्या सुरत स्वारीत दिसते. महाराजांनी बोलणी करायला सुभेदारासोबत हाजी सैद बेग, बहरजी बोहरा आणि हाजी कासीम या व्यापाऱ्यांना नाव घेऊन बोलावले. शहर श्रीमंत आहे, हे कोणीही सांगेल. पण त्यातली कोणती पेढी आधी गाठायची, हे ठरवायला तिथे मुरलेली माणसे लागतात, आणि त्यांनी आणलेले ताडून पाहणारा एक डोकेबाज माणूसही.

यावर एक रास्त आक्षेप येतो: हेरगिरी गुप्तच असते, तेव्हा कागद नाहीत म्हणून बहिर्जींचे कर्तृत्व कमी कसे मानायचे? ते कमी मानायचे नाहीच. पण कागद नसलेल्या जागी वेषांतराच्या रंगीत गोष्टी भरल्या की बाकीची माणसे पुसली जातात. कुरवंड्याची वाट कुठे अरुंद होते, पाणी कुठे मिळते, फौज किती वेळात खाली पोहोचेल, हे दऱ्याखोऱ्यांत वावरणाऱ्या मावळ्यांइतके कोणाला ठाऊक असणार? दुसरा आक्षेप असा, की राजाने असल्या कामात लक्ष घालणे त्याला शोभत नाही. पण उंबरखिंडीच्या वेळी महाराजांना अजून राज्याभिषेक झालेला नव्हता, आणि पुण्यात लाल महालात शाहिस्तेखान ठाण मांडून बसला होता. समोर एवढी मोठी फौज असताना बातमी दुसऱ्याच्या हाती सोपवून निश्चिंत राहणे त्यांना परवडणारे नव्हते. दोन वर्षांनी, एप्रिल १६६३ मध्ये, ते त्याच लाल महालात रात्री स्वतः शिरले.