गदा किती, आणि समोर कोण?

२०२५ च्या मार्चअखेरीस 'महाराष्ट्र केसरी' कर्जतला झाली, ही बातमी वाचून आपल्याकडच्या अनेकांची छाती उगाच फुगली. ते कर्जत आपले नव्हे. ते अहिल्यानगर जिल्ह्यातले. आपल्या रायगडातल्या, उल्हास नदीच्या काठच्या कर्जतला आणि घाटाच्या पायथ्याच्या खालापुराला केसरीची गदा अजून दुरूनच पाहावी लागते. त्या कर्जतला सोलापूरचा वेताळ शेळके जिंकला. त्याच्या दोनच महिने आधी, त्याच जिल्ह्यात, अहिल्यानगर शहरात पृथ्वीराज मोहोळ 'महाराष्ट्र केसरी' झाला होता. संघटना दोन, म्हणून स्पर्धा दोन. गंमत म्हणजे फेब्रुवारीतल्या स्पर्धेला ६७वी म्हटले गेले आणि मार्चमधल्या स्पर्धेला ६६वी!

आता उद्या कोणी यादी करायला बसला तर त्या वर्षाचा केसरी कोण लिहायचा? दोघेही लिहावे लागतील. २०२३ च्या नोव्हेंबरातही तेच झाले होते. धाराशिवला शिवराज राक्षे केसरी झाला आणि पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख. फरक एवढाच, की फुलगावच्या अंतिम कुस्तीत सिकंदरसमोर राक्षेच होता, आणि ती कुस्ती अर्ध्या मिनिटाच्या आत निकाली झाली. यादीत दोन गदा सारख्या दिसतात. पण एका महिन्यात ज्याने दुसऱ्याला लोळवले, त्याची गदा माझ्या लेखी जड आहे.

या लेखाचे सूत्र तेवढेच आहे. पैलवान मोठा की लहान हे त्याच्या गदांवरून ठरत नाही, त्याच्यासमोर कोणाचा जोड होता यावरून ठरते. कर्जत-खोपोली गाडीत हा वाद मी अनेकदा ऐकला आहे. एक जण म्हणतो, 'आंदळकरांसारखा पुन्हा झाला नाही.' दुसरा म्हणतो, 'आजच्या पोरांची ताकद बघा, तेव्हाचे पैलवान दोन मिनिटं टिकले नसते.' दोघेही आपापल्या वयाच्या बाजूने बोलतात. हिशेब कोणीच मांडत नाही.

हा हिशेब मांडण्याची सवय जगात सर्वांत जास्त कोणाला असेल तर ती हेवीवेट बॉक्सिंगच्या शौकिनांना. तिथे प्रत्येक लढतीची नोंद असते. तारीख, वजन, कितव्या फेरीत, कोणासमोर, सगळे. रॉकी मार्सियानो ४९ लढती खेळला आणि ४९ जिंकला, एकही हरला नाही, १९५६ मध्ये निवृत्त झाला. मुहम्मद अली ५६ जिंकला आणि ५ हरला. नुसते आकडे पाहिले तर मार्सियानो वरचढ. पण समोरची बाजू उघडून पाहा. १९५१ मध्ये मार्सियानोने जो लुईला पाडले, तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता आणि कर्ज फेडण्यासाठी रिंगणात परतलेला होता. १९५२ मध्ये ज्याच्याकडून त्याने किताब घेतला तो जर्सी जो वॉलकॉट ३८ वर्षांचा होता. शेवटच्या लढतीतला आर्ची मूर मूळचा खालच्या वजनगटातला, तोही चाळिशीच्या आसपासचा. माणसे मोठीच होती, पण त्यांचा सूर्य मावळतीला आला होता.

अलीच्या पाच पराभवांतला पहिला १९७१ मधला, ज्यो फ्रेझरकडून. त्याआधी सैन्यात जायला नकार दिल्याबद्दल साडेतीन वर्षे त्याला रिंगणाबाहेर ठेवले होते. त्याच फ्रेझरला त्याने पुढे १९७४ आणि १९७५ मध्ये हरवले. मधल्या काळात १९७४ मध्येच किन्शासाला जॉर्ज फोरमनला पाडले, आणि फोरमन तोवर अजिंक्य होता, ऐन उमेदीत होता. शेवटचे दोन पराभव तर अली थकलेला असताना आले. १९८० मध्ये लॅरी होम्सने त्याला हरवले, तेव्हा त्याच्याच जवळच्या माणसांनी लढत थांबवली. होम्सच्या खात्यावर तो विजय आहे, पण होम्सचा मोठेपणा त्या विजयाने ठरवू नये. होम्स स्वतः सलग ४८ जिंकून ४९व्या लढतीत, १९८५ मध्ये, मायकल स्पिंक्सकडून हरला. मार्सियानोची बरोबरी एका लढतीने हुकली.

वजनाची गोष्ट तर आणखी वेगळी. मार्सियानो साधारण ८४-८५ किलोचा. आजच्या नियमांनी तो हेवीवेटमध्ये मोडणारही नाही, ९० किलोंच्या आतल्या क्रूझरवेटमध्ये मोडेल. अलीकडचा टायसन फ्युरी बहुतेकदा १२० किलोंच्या वर उतरला. तेव्हा 'मार्सियानो विरुद्ध फ्युरी' हा प्रश्न विचारणेच व्यर्थ आहे. विचारायचे ते असे: आपापल्या काळातल्या उत्तमांपैकी किती जणांना गाठले, आणि किती जणांना टाळले? जॅक डेम्प्सीच्या नावाशेजारी हे टाळणे कायमचे चिकटले आहे. हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा वर्षानुवर्षे आव्हान देत राहिला आणि ती लढत कधी झालीच नाही. त्यात डेम्प्सीचा दोष किती आणि आयोजकांचा किती हा वाद वेगळा. किताब मात्र तेवढा हलका झाला.

आता आपल्या मातीकडे.

गामा पैलवान आयुष्यात हरला नाही असे म्हणतात, आणि पाच हजार कुस्त्यांचा आकडा सांगतात. तो आकडा मी बाजूला ठेवतो. कारण त्याची वही कुठेच नाही. ठेवतो ते एवढेच. १९१० च्या सप्टेंबरात लंडनला पोलंडच्या झ्बिश्कोशी त्याची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली आणि बरोबरीत सुटली. झ्बिश्को बहुतेक वेळ जमिनीला चिकटून होता. आठवड्याने पुन्हा जोड लागायची होती, तर झ्बिश्को आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळ्याला दोघे पुन्हा भेटले आणि गामाने मिनिटभरातच त्याला चीत केले. लोक हा दुसरा विजय रंगवून सांगतात. मला पहिली बरोबरी मोलाची वाटते, कारण तेव्हा दोघे तिशीच्या अलीकडे-पलीकडे होते. १९२८ मध्ये दोघेही पन्नाशीला टेकले होते. शिवाय रहीम बख्श सुलतानीवाल्याशी गामाच्या काही कुस्त्या बरोबरीत सुटल्या होत्या, हे 'अजिंक्य' म्हणताना कोणी सांगत नाही. मातीत बरोबरी हा खरा निकाल असतो. गुणांच्या हिशेबात ती दिसत नाही, एवढेच.

इथे माती आणि गादीचा फरक लक्षात घ्यायला हवा. मातीवर पाठ लागेपर्यंत कुस्ती; पंचांनी सोडवली तर बरोबरी. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुण, आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपली. मातीवरचा दमसास आणि गादीवरची चपळाई यांच्यात तुलना करणे अवघड. 'महाराष्ट्र केसरी'त मात्र एक उपाय आहे. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांची अंतिम कुस्ती होते. त्यामुळे दोन वेगळ्या तऱ्हांचे पैलवान एकमेकांना गाठतात. ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. पण २०२० च्या जानेवारीत बालेवाडीला अंतिम कुस्तीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके समोरासमोर आले, तेव्हा दोघेही वस्ताद काका पवारांचेच पठ्ठे निघाले! एका तालमीतले दोघे, रोज एकमेकांच्या अंगाचा अंदाज असलेले. कुस्ती ३-२ अशी झाली. वस्तादाचा गौरव म्हणून ती मोठी. परक्या जोडाची कसोटी म्हणून तितकी नाही.

गदांची संख्या घेतली तर लागोपाठ तीन जिंकणारे दोघेच: नरसिंग यादव (२०११, २०१२, २०१३) आणि विजय चौधरी (२०१४, २०१५, २०१६). खालोखाल सलग दोन जिंकणारे दादू चौगुले, लक्ष्मण वडार, चंद्रहार पाटील यांसारखे. तीन आणि तीन, म्हणजे बरोबरी? बघूया.

विजय चौधरी जळगाव जिल्ह्यातला, अंगापिंडाने खरा भारी गटातला. त्याच्या तिसऱ्या गदेच्या कुस्तीत समोर अभिजित कटके होता. कटके पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, स्वतः केसरी झाला आणि २०२३ च्या जानेवारीत हिंदकेसरीही. म्हणजे चौधरीने हरवलेला माणूस नंतर मोठा ठरला. मावळतीच्या सूर्याला हरवणे वेगळे आणि उगवत्याला रोखणे वेगळे. मार्सियानोला जे मिळाले नाही ते चौधरीला मिळाले.

नरसिंगची गोष्ट त्याहून न्यारी. तो मुळात ७४ किलोचा पैलवान. त्या गटात त्याने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण घेतले, २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कांस्य आणि २०१५ मध्ये लास वेगासला जागतिक स्पर्धेत कांस्य. असा हलक्या गटातला माणूस तीन वर्षे केसरीच्या खुल्या गटात आपल्याहून जड पैलवानांना हरवत होता. बॉक्सिंगमध्ये याला तोड शोधायची तर क्रूझरवेटमधून वर येऊन २०२४ च्या मे महिन्यात फ्युरीला हरवणारा ओलेक्झांडर उसिक. २०१६ मध्ये रिओच्या तोंडावर उत्तेजक प्रकरणात क्रीडा लवादाने नरसिंगवर चार वर्षांची बंदी घातली. हा डाग यादीत लिहायलाच हवा, आणि लिहूनही तीन सलग गदांमध्ये मी नरसिंगला वर ठेवतो. महाराष्ट्राबाहेरचा, देशाबाहेरचा जोड त्याने जितका झेलला तितका दुसऱ्या कोणत्याही केसरीने अलीकडे झेललेला नाही.

मग राहुल आवारे? बीडचा हा मल्ल केसरी कधीच झाला नाही, होणारही नव्हता. ५७ आणि ६१ किलोंचा माणूस. २०१८ ला राष्ट्रकुल सुवर्ण, २०१९ ला जागतिक कांस्य. खाशाबा जाधवांचेही तसेच. १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेट गटात कांस्य, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांना हरवणारे दोघे कोण? जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मम्मदबेयोव्ह. एकाने सुवर्ण घेतले, दुसऱ्याने रौप्य. म्हणजे खाशाबा त्या गटातल्या सर्वोत्तम दोघांशिवाय कोणाकडून हरले नाहीत. असे पराभव लिहिताना मान खाली घालायची गरज नाही. आपल्याकडे भारी गटाचे कौतुक इतके, की हलक्या गटातली ही नावे गदेच्या यादीत नाहीत म्हणून गावोगावच्या गप्पांतूनही सुटतात. मला हे खटकते.

भारी गटात माझा कौल गणपत आंदळकरांना. १९६० मध्ये पंजाबच्या खडकसिंगला हरवून ते हिंदकेसरी झाले. पंजाब हा त्या काळातला सर्वांत कडवा जोड, आणि त्याच्या आदल्या वर्षी श्रीपती खंचनाळेंनीही पंजाबी मल्लालाच हरवून तो किताब आणला होता. १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य घेतले. त्याच स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती मानेंनी उलट केले, फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. मातीत वाढलेल्या दोन मराठी मल्लांनी दोन्ही परक्या प्रकारांत पदके घ्यावीत, हे आज कोणाला जमेल?

पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही लिहितो. जकार्ताला इराण नव्हते. गुलामरझा तख्तीचे इराण, मेलबर्नला सुवर्ण आणि रोमला रौप्य घेणाऱ्या तख्तीचे. तो देश आला असता तर भारी गटांतला निकाल तसाच लागला असता का, हे कोणी ठामपणे सांगू नये. म्हणून ते सुवर्ण मी थोडे हलके धरतो. तरी आंदळकर वरच राहतात, कारण त्यांच्या बाजूला पंजाब आहे, जकार्ता आहे, टोकियोचे ऑलिम्पिक आहे. त्यांच्या मागोमाग हरिश्चंद्र बिराजदार. १९६९ चे केसरी, १९७० मध्ये एडिंबराला राष्ट्रकुल सुवर्ण, आणि दिल्लीच्या सत्पालवरचा विजय. हा सत्पाल पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेचा सुवर्णविजेता झाला, म्हणजे हाही उगवता सूर्यच.

या सगळ्यात रायगड कुठे? गदेच्या यादीत नाही. बोरघाट चढून गेले की मावळ, मुळशी. केसरीच्या स्पर्धेमागचे मामासाहेब मोहोळ मुळशीतल्या मुठ्याचे. घाटावर तालमी, घाटाखाली जत्रेचे फड. आपल्याकडे कार्तिकी एकादशीला साजगावला बोंबल्या विठोबाची जत्रा सुरू होते आणि मग उन्हाळ्यापर्यंत एका गावानंतर दुसऱ्या गावाची यात्रा. जिथे कुस्त्यांचा फड असतो तिथे सुरुवातीला पोरासोरांच्या नारळाच्या कुस्त्या, मग बिदागीच्या, आणि शेवटी वरून आलेल्या पैलवानांची मोठी इनामी कुस्ती. जोड लावणारे जाणते लोक नजरेनेच वजन ओळखतात. हलगी थांबली, इनाम वाटले, की निकाल लोकांच्या तोंडी राहतो आणि दोन वर्षांत बदलून जातो. हरलेल्याचे नाव तर त्याच रात्री विसरतात.

इनामाचा हिशेब प्रत्येक यात्रा कमिटीकडे पै न पै लिहिलेला असतो. त्याच वहीत पुढच्या यात्रेपासून दोन ओळी जास्त लिहा: कुस्ती कोणाकोणात झाली, दोघांचे गाव, दोघांचे वजन, किती मिनिटे, चीतपट की बरोबरी. शंभर पानी वही आणि गावातला एक शाळकरी मुलगा एवढ्यावर हे काम भागते. आणि लिहिताना हरलेल्याचे नाव पूर्ण लिहा.