तांबे यांच्या गीतांतला ‘मी’ कोण?

भावगीत आपल्या घरात प्रथम कानाने शिरते, अर्थाने नव्हे. चाल ओठांवर रुळते, शब्द पाठ होतात, आणि कित्येक वर्षांनी एखाद्या संध्याकाळी त्यांतला एखादाच शब्द अचानक उभा राहतो. मग मनात येते की हे ज्याने लिहिले त्याला असे काय झाले होते? हे दुःख त्याचे स्वतःचे की कल्पनेतले? राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांच्या गीतांविषयी हा प्रश्न जितक्या वेळा विचारला जातो तितका क्वचितच दुसऱ्या मराठी कवीविषयी विचारला जात असेल. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला तर तो विचारण्याचा विशेष अधिकार आहे, कारण हा कवी त्याच्या गावचा आहे.

तांबे यांचा जन्म ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीचा. त्यांचे आयुष्य बहुतांशी मध्य भारतात व राजपुतान्यात गेले. देवासला त्यांनी शिक्षकाचे काम केले, पुढे निरनिराळ्या संस्थानी नोकऱ्या केल्या, आणि अखेर ते लष्कर-ग्वाल्हेरीस स्थिरावले. १९३७ साली ते ग्वाल्हेर संस्थानचे राजकवी झाले आणि ७ डिसेंबर १९४१ रोजी ग्वाल्हेर येथेच त्यांचे निधन झाले. पुण्या-मुंबईच्या साहित्यिक वर्तुळापासून दूर, हिंदी भाषक प्रदेशात राहून त्यांनी जी मराठी लिहिली, ती महाराष्ट्राने पुढे अत्यंत आवडीने आपलीशी केली. त्यांची कविता एकत्र करण्याचे कामही प्रथम इतरांनीच केले. १९२० साली वासुदेव गोविंद मायदेव यांनी पहिला संग्रह काढला, आणि १९३५ साली माधव जूलियन यांच्या संपादनाखाली ‘तांबे यांची समग्र कविता’ प्रसिद्ध झाली.

या समग्र कवितेतील अनेक रचनांसोबत राग, ताल किंवा जाती यांचा निर्देश आहे, आणि ती कविता कोठे व केव्हा लिहिली हेही दिलेले आहे. यामुळे जिज्ञासू वाचकाला मोह होतो. स्थळ आहे, काळ आहे, मग घटना शोधून काढणे कितीसे अवघड? अमुक साली कवी अमुक गावी होता, तेव्हा अमुक दुःख झाले असणार, म्हणून ही कविता, असा हिशेब मांडणे सोपे वाटते. तथापि तांबे यांच्या बाबतीत हा हिशेब बहुधा फसतो, आणि त्याचे कारण त्यांच्या काव्यप्रकारातच आहे.

इंग्रजी कवी ब्राउनिंग याच्या नाट्यात्म काव्याचा तांबे यांच्यावर गाढ परिणाम झाला होता. कवीने स्वतः न बोलता एखाद्या पात्राच्या मुखाने बोलावे, त्या पात्राची एखादी उत्कट अवस्था पकडावी, आणि ऐकणाऱ्याने भोवतालचा प्रसंग स्वतः उभा करावा, अशी ती रीत आहे. मराठीत अशा गीतांना ‘नाट्यगीत’ म्हणतात, आणि तांबे हे त्याचे प्रवर्तक मानले जातात. त्यांच्या कवितेत कधी तान्ह्या बाळाजवळ बसलेली माता आहे, कधी सासरी निघालेली मुलगी आहे, कधी मुलांना खेळायला बोलावणारा आनंदी आवाज आहे, तर ‘रुद्रास आवाहन’मध्ये संहाराच्या देवतेला दिलेली प्रचंड हाक आहे. हे सर्व ‘मी’ एकाच माणसाचे चरित्र कसे असतील? रंगभूमीवर नट रडतो तेव्हा त्याच्या घरी सुतक आहे काय, अशी चौकशी आपण करीत नाही. तरीही ते रडणे खोटे नसते.

‘नववधू’ या गीताचेच उदाहरण घ्यावे. वरवर पाहता ती सासरी निघालेल्या मुलीची घालमेल आहे. प्रियकरच आपला आधार आहे हे तिला ठाऊक आहे, त्याच्याविना सारे फोल आहे हेही ठाऊक आहे, तरी जवळ जाण्याची वेळ आली की पाऊल अडखळते. माहेरच्या मळ्या-बागांचा लळा सुटत नाही. एका कडव्यात फार सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे. ही मुलगी त्याच्या तसबिरीला हार घालण्यात समाधान मानते, पण त्याने प्रत्यक्ष बोलावले की मात्र कापू लागते. येथे चाणाक्ष वाचक थबकतो. आयुष्यभर देवाच्या तसबिरीला हार घालणारे आणि त्याचे प्रत्यक्ष बोलावणे येताच भिणारे आपण सारेच नव्हे काय? शेवटच्या कडव्यात ती जाणार आहे तेच खरे घर असल्याची जाणीव येते, आणि सासर म्हणजे परलोक, नवरी म्हणजे जीव व बोलावणारा म्हणजे परमेश्वर, हा दुसरा अर्थ उघड होतो.

ही कल्पना तांबे यांनी शून्यातून निर्माण केलेली नाही. उत्तर हिंदुस्थानात राहणाऱ्या आपणांस कबीराच्या पदांतील नैहर आणि पियाचे घर परिचित आहे. रवींद्रनाथांच्या ‘गीतांजली’मध्येही मृत्यू वराच्या रूपाने येतो. तांबे या दोन्ही परंपरांच्या मध्यावर उभे होते. कवितेवर त्यांनी मोहोर उमटवली ती मराठी मुलीच्या लाजण्याने. गूढ अर्थ कळला म्हणून पहिला अर्थ रद्द होत नाही, हे त्यांचे खरे कसब होय. लग्नघरी हे गीत ऐकणाऱ्या आईचे डोळे मुलीसाठी भरतात, आणि तेच गीत आजारी माणसाच्या उशाशी ऐकले तर वेगळ्याच कारणाने भरतात. दोघांपैकी कोणाचाही अर्थ चुकीचा नाही.

‘मधु मागशी’ हे गीत मात्र नाट्यगीताच्या आवरणातून कवीच डोकावतो आहे असे वाटायला लावते. कोणी स्नेही मध मागतो आहे, आणि बोलणारा सांगतो की घट रिकामे झाले, आजवर भरभरून पाजला तो आठव आणि रागावू नको. आता जवळ आहे ती देवाच्या नैवेद्यापुरती दुधाची वाटी आणि पूजेपुरती अंगणातली कोरांटी. दिवस कलला आहे, दृष्टी पलीकडच्या तीराकडे लागली आहे. मध म्हणजे प्रेमाची व निसर्गाची कविता, मागणारा म्हणजे रसिक, आणि नाही म्हणणारा वृद्ध कवी, असा अर्थ सहज लागतो आणि तो योग्यही आहे. परंतु त्यात एक मौज आहे. मध संपला असे सांगणारी ही कविता स्वतःच मराठीतील अत्यंत मधुर कवितांपैकी एक आहे. म्हणजे कवीचे विधान जसेच्या तसे प्रमाण धरावे तर कविताच ते खोटे ठरविते. त्या शब्दांत थकवा आहे, पण तो थकवा गाता येण्याइतकी शक्ती अद्याप शिल्लक आहे, हे त्यामागील सत्य आहे.

‘मावळत्या दिनकरा’ या गीताचे आपल्याकडे सर्वाधिक एकांगी अर्थ लावले जातात. निवृत्तीच्या समारंभात किंवा शोकसभेत ते लावले जाते, आणि ‘जगाची रीत अशीच कृतघ्न’ एवढाच बोध घेऊन मंडळी घरी जातात. उगवत्याला नमस्कार व मावळत्याकडे पाठ, ही तक्रार त्यात आहे हे खरे. परंतु गीत तेथे थांबत नाही. पुढे कवी सूर्याविषयी बोलतो. त्याने आसक्ती न ठेवता वणवण केली, लहानथोर न पाहता जीवन दिले, म्हणून तो समदर्शी. जगाच्या कृतघ्नतेवर कवीने सांगितलेले उत्तर हे आहे की देणाऱ्याने परतफेडीचा हिशेब ठेवलेलाच नव्हता. आणि सर्व जगाने पाठ फिरवली तरी निदान एक माणूस हात जोडून उभा आहे, तो म्हणजे गाणारा स्वतः. ज्याच्या निरोपासाठी हे गीत लावले जाते त्याचा खरा गौरव या उत्तरार्धात आहे.

आता ‘जन पळभर’ या गीताकडे वळू, कारण येथे प्रश्न केवळ रसग्रहणाचा राहत नाही. मी गेल्यावर लोक क्षणभर हळहळतील, सूर्यचंद्र आपली वाट चालतील, कोणाचे काही अडणार नाही, असे ते सांगते. घरातील वृद्ध माणूस दुपारी एकटा बसून हे गीत गुणगुणू लागला की सून घाबरते, मुलगा म्हणतो, ‘बाबा, दुसरे काही म्हणा ना!’ ते ऐकून बाबा गप्प होतात. येथे गीताचा अर्थ लावणे म्हणजे त्या माणसाचे मन वाचणे होय, आणि तेथे चूक झाली तर ती कवितेपुरती राहत नाही. हे गीत निराशेचे आहे काय? त्याचा शेवट पाहावा. अशा जगासाठी झुरत का बसावे, मोहात का गुंतावे, देवाच्या दूताला पाठ का दाखवावी, शांतीत का मिसळून जाऊ नये, असा तो आहे. म्हणजे गीताची दिशा शोकाकडून शांतीकडे आहे. गुणगुणणारा माणूस त्यापैकी कोणत्या कडव्यावर उभा आहे हे मात्र गीत सांगणार नाही. ते त्यालाच विचारावे लागेल. गाणे बंद करण्याऐवजी जवळ बसून ‘पुढचे कडवे म्हणा’ असे सांगितले तर कदाचित जे बोलणे अनेक महिने अडले असेल ते सुरू होईल.

कारण काही दुःखे गाण्याच्या आडूनच बोलता येतात. ‘कळा ज्या लागल्या जीवा’ या गीतात तांबे यांनी हेच सांगितले आहे. ज्या वेदना आहेत त्या आपल्याला किंवा ईश्वरालाच ठाऊक, कोणास काय सांगावे? नदीपलीकडे गेलेल्यांची हाक ऐकू येते आहे, आणि अलीकडचे पाशांनी मागे ओढीत आहेत. ही ओढाताण कोणत्या प्रसंगाने निर्माण झाली हे कवीने मुद्दाम सांगितलेले नाही. आपले माणूस गमावलेल्या प्रत्येकाला त्या रिकाम्या जागी आपला प्रसंग ठेवता येतो.

याच्याशी ताडून पाहण्याजोगे एक उदाहरण परदेशातील आहे. आपल्या नातवंडांना रॉक संगीताची आवड असते, आणि त्यातही शब्दांचा अर्थ लावण्याचा हाच खटाटोप चालतो. बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाचे ‘लेट इट बी’ हे गीत १९७० साली प्रसिद्ध झाले. त्यात संकटसमयी येऊन धीर देणाऱ्या मेरीचा उल्लेख आहे. असंख्य श्रोत्यांनी ती ख्रिस्ताची माता मानली. वस्तुतः गीतकार पॉल मॅकार्टनी यांच्या आईचे नाव मेरी होते. ते चौदा वर्षांचे असताना, १९५६ साली, ती कर्करोगाने वारली, आणि पुढे स्वप्नात येऊन तिने धीर दिला, त्यावरून हे गीत सुचले असे त्यांनी सांगितले आहे. तरीही ज्यांना त्यात देवमाता दिसते त्यांना त्यांनी अडविले नाही. घटना कळल्याने गीताविषयी जिव्हाळा वाढतो, एवढाच तिचा उपयोग. प्रार्थना म्हणून ते गाणाऱ्याचा अर्थ त्यामुळे हरवत नाही.

तांबे यांचा अर्थ संगीतकारांनीही आपापल्या परीने लावला आहे. लता मंगेशकर यांचा स्वर त्यांच्या अनेक गीतांना लाभला. वसंत प्रभू यांनी ‘मधु मागशी’ला दिलेली चाल आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी ‘मावळत्या दिनकरा’ला दिलेली चाल लागोपाठ ऐकावी, म्हणजे एकाच कवीच्या संध्याकाळीचे दोन रंग कळतात. ज्या देवासला तांबे यांनी काही काळ काढला, तेथेच १९४८ पासून राहिलेल्या कुमार गंधर्वांनी ‘तांबे गीत रजनी’ हा कार्यक्रम सिद्ध केला. कबीराची निर्गुणी भजने गाणाऱ्या या गायकाला तांबे यांच्याविषयी आत्मीयता वाटावी यात नवल नाही. चाल हीही एक टीका असते, मात्र ती कळण्यास शब्द कळावे लागतात.

आपल्या घरांत अडचण येते ती इथेच. ग्वाल्हेर, इंदूर, झाशी, जबलपूर येथील अनेक मराठी घरांत तिसरी-चौथी पिढी मराठी समजते, पण ‘अर्घ्य’, ‘समदर्शी’, ‘पैलतीर’ हे शब्द तिला अडतात. तिच्यापर्यंत चाल पोहोचते, अर्थ वाटेत गळतो. त्यासाठी व्याख्यानमाला नको. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी एक गीत लावावे, मग त्याची कडवी एकेक करून वाचावी, अडलेला शब्द सांगावा आणि प्रत्येकाला विचारावे की यातला ‘मी’ तुला कोण वाटतो? दहा वर्षांच्या मुलीला ‘नववधू’त शाळेचा पहिला दिवस दिसेल, आजीला आपले माहेर दिसेल, आजोबा कदाचित काहीच बोलणार नाहीत. त्यांना घाई करू नये.

हृदयात दिवा एकाच्या लागावा आणि उजेड दुसऱ्याच्या मुखावर पडावा, हे कोडे तांबे यांनीच एका कवितेत घातले आहे. ते त्यांनी प्रेमाविषयी घातले, पण गीत आणि ऐकणारा यांच्याविषयीही ते तितकेच खरे आहे. ग्वाल्हेरच्या त्या कवीच्या मनात कोणता दिवा होता हे आपणांस पूर्ण कळणार नाही. आपल्या घरातील माणसांच्या मुखावर तो उजेड कसा पडतो हे मात्र जवळ बसून पाहता येते.